पायाचं कापड

पायकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायको ‘अहो’ म्हणायची, लेक आणि जावई ‘बाबा’ म्हणायचे, आणि बाकीच्या जगाला ते पायकाका. असं नाव पडलं की माणूस आपोआप जमिनीवर राहतो, असं ते स्वतःच सांगायचे. इस्पितळाच्या मागच्या अंगणात, धुलाईघराला लागून, पत्र्याच्या छपराखाली त्यांचा कारखाना होता. कारखाना हे नुसतं म्हणायला. दोन खोल्या, एक जुनी भट्टी, भिंतीवर टांगलेले पट्टे आणि करवती, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. ही धूळ इतकी वर्षं त्यांच्या भुवयांत बसत आली होती, की भुवया खऱ्याच पिकल्या तेव्हा घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ज्यांचा पाय गेला त्यांना ते पाय करून द्यायचे. म्हटलं तर सोपं काम. उरलेल्या पायाचं प्लास्टरमध्ये माप घ्यायचं, त्यावरून साचा करायचा, साच्यावर सॉकेट ओतायचं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो वरचा कप, आणि त्याखाली नळी आणि पाऊल जोडायचं. पण पाय जोडणं वेगळं आणि माणसानं तो आपला म्हणणं वेगळं. पुष्कळ लोक नवा पाय घरी नेतात आणि दाराआड उभा करून ठेवतात. कुबड्या बऱ्या, म्हणतात. विचारलं तर दुखतो म्हणतात, आणि दुखत काही नसतं.

त्यावर कारखान्याची एक जुनी रीत होती. पायकाकांच्या वस्तादांनी ती सुरू केली, पायकाकांनी ती सोडली नाही. मापाला येताना माणसानं घरून एक कापड आणायचं. कुठलंही. साच्यावर आधी जाळीदार मोजा चढायचा, त्यावर ते कापड ताणून बसायचं, आणि मग वरून रेझिन, म्हणजे सुकल्यावर काचेसारखा कडक होणारा चिकट द्रव, ओतलं जायचं. रेझिन सुकलं की कापड आत दिसायचं, काचेखाली फोटो दिसावा तसं. एका ट्रकवाल्यानं त्याच्या केबिनचा पडदा आणला होता. एका म्हाताऱ्या मास्तरांनी गेलेल्या बायकोची ओढणी आणली आणि सारखं विचारत राहिले, “ताणल्यावर विरणार नाही ना हो?” एक शाळकरी पोरगी वाढत होती तसा पाय बदलायला यायची आणि दर वेळी आखूड झालेला फ्रॉक घेऊन यायची. “ज्याचं कापड त्याचा पाय,” वस्ताद म्हणायचे. ते शास्त्र होतं की वेड, कुणी तपासलं नाही. पण कापड घालून नेलेला पाय दाराआड उभा राहायचा नाही, एवढं मात्र खरं.

पायकाका तसे देवभोळे होते. सकाळी हात जोडल्याशिवाय चहा घेत नसत. धर्म त्यांना घरातल्या जुन्या कपाटासारखा होता. तो आहे, आपला आहे, त्याची वाच्यता कशाला करायची?

मग कारखान्याला वाईट दिवस आले. ज्या देणगीदारांच्या जिवावर सामान यायचं ते म्हातारे झाले, त्यांच्या मुलांना दुसरी हौस लागली. इस्पितळ म्हणालं, आमच्याकडे तरतूद नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. लोक यायचे, माप देण्यासाठी बाकावर बसायचे, आणि पायकाका त्यांना हात हलवत परत पाठवायचे. घरी येऊन ते जेवायचे नाहीत. बायको ताट झाकून ठेवायची.

तेव्हा जावई धावून आला. हे लिहिताना आडपडदा नको, माणूस चांगला होता. सासूची कंबर मोडली तेव्हा तिला जिन्यावरून पाठीवर घेऊन उतरला होता. स्वतःचं दुकान सांभाळून तो एका सेवा मंडळाचं काम करायचा. त्यानं मंडळात शब्द टाकला आणि महिन्याभरात रेझिनचे डबे, पावलं, नळ्या, पट्टे अशी गाडी कारखान्यापुढे उभी राहिली. पायकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं ते त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले.

पहिल्या वर्षी मंडळानं फक्त एक फलक लावला. देणाऱ्यानं नाव लावावं, त्यात काय? दुसऱ्या वर्षी पाय वाटायचा छोटा समारंभ झाला आणि आधी प्रार्थना. तीही आपलीच, लहानपणापासून पाठ असलेली. पुढच्या वर्षी प्रार्थनेनंतर भाषण आलं. ही भूमी आपल्या धर्माची, जे आहेत त्यांनी ते मानून राहावं, वगैरे. पायकाका मागच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. त्यांना वाटलं, भाषणं कुठं नसतात? नंतर भाषणाच्या शेवटी घोषणा आली. “धर्म तोच देश!” एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी “देश तोच धर्म!” म्हणून उत्तर द्यायचं. नव्या पायावर उभ्या असलेल्या माणसांनी जरा जोरात म्हणायचं, कारण फोटो त्यांचे निघायचे. हे सगळं असं हळूहळू आलं, की ‘थांबा’ म्हणायची नेमकी जागा कुठली होती, हे पायकाकांना नंतर कितीही आठवून सापडलं नाही.

एकदा त्यांनी बायकोजवळ विषय काढला. “अगं, पाय द्यायचा तर द्या, वर हे कशाला?”

बायको भाजी चिरत होती. “लेकीचं घर आहे ते. जरा जपून बोला,” ती म्हणाली. मग भाजी पातेल्यात सारून, “आणि कारखाना चालतोय ना?”

चालत होता. म्हणूनच तर पंचाईत होती.

त्या वर्षी कोपऱ्यावरची इस्त्रीवाली मापाला आली. पायकाकांच्या घरचे कपडे वर्षानुवर्षं तिच्याकडेच जायचे. नवरा होता तोवर दोघं मिळून टेबल चालवायची, तो गेल्यावर ती एकटी. दुसऱ्या धर्माची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कपड्यांना त्यानं काही फरक पडत नव्हता. रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोनं तिला टेबलासकट भिंतीशी दाबलं आणि गुडघ्याखाली एक पाय गेला. टेबल आता तिची नणंद सांभाळत होती, पण नणंदेला घाई फार आणि कॉलरी चुरगळलेल्याच राहायच्या. गिऱ्हाइकं गळायला लागली होती. इस्त्रीचं काम दिवसभर उभ्यानं करायचं. पाय नाही तर टेबल नाही, आणि टेबल नाही तर घर नाही, असा साधा हिशोब होता.

कापड म्हणून तिनं एक जाडसर, पिवळट पडलेली चादर आणली होती. ठिकठिकाणी भाजलेली. मधोमध इस्त्रीचा आख्खा ठसा, टोकासकट, तपकिरी.

“अगं, हे काय? जळकं कापड पायात घालू?” पायकाका म्हणाले.

“आमच्या टेबलावरचं आहे, काका. आणि हा डाग आमच्या ह्यांचा. माझ्याशी भांडत बसले आणि इस्त्री तशीच विसरले. वर मलाच म्हणाले, तुझ्यामुळे जळलं!” ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले. “तो भाग समोर येईल असं बसवाल?”

“नुसतं समोर कशाला, गुडघ्याखाली बरोब्बर मध्ये घेतो. म्हणजे तू चाललीस की तो पुढं.”

“आयुष्यभर मीच पुढं चालले त्यांच्या,” ती म्हणाली. “आता चालू दे त्यांना.”

पायकाकांनी माप घेतलं. त्या दिवशी ते घरी शीळ घालत आले, आणि बायकोनं विचारलं, आज काय मिळालं?

त्याच आठवड्यात जावई कारखान्यात आला तो खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन. जांभळं, चकचकीत कापड. त्यावर ओळीनं छापलेलं मंडळाचं चिन्ह, म्हणजे देशाचा नकाशा आणि त्याच्या पोटातून वर आलेलं प्रार्थनामंदिराचं शिखर.

“बाबा, यंदा सगळ्या पायांना हेच कापड लावायचं. मंडळानं ठरवलंय. एकसारखं दिसेल.”

“अहो जावईबापू, लोक आपापलं कापड आणतात. ती इथली रीत आहे.”

“माहीत आहे ना, बाबा. पण सामान मंडळाचं, पैसा मंडळाचा. देणाऱ्याची काही खूण नको?”

“फलक आहे की.”

“फलक भिंतीवर राहतो. पाय लोकांबरोबर जातो.”

पायकाका करवतीच्या दात्यांतली धूळ नखानं काढत बसले. मग म्हणाले, “पँटच्या आत कुणाला दिसणार आहे ते?”

“तेच तर मी म्हणतो!” जावई खूश झाला. “कुणाला दिसणारच नाही. मग बिघडलं कुठं?” जाता जाता तो दारात थांबला. “आणि बाबा, लोक आमच्यावर आरोप करतात भेदभावाचा. ती इस्त्रीवाली येतेय ना यंदा? तिलाही देणार आपण. पहिल्या रांगेत.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. इथं हरीनंच पाय बनवून द्यायचे होते. पायकाका दोन दिवस धुमसले. एकदा वाटलं, सरळ सांगावं, जमणार नाही. मग बाकावर बसलेली माणसं दिसली. कुणाची पोरगी लग्नाची, कुणाची नोकरी उभ्यानं करायची. आपण तत्त्वाच्या गोष्टी करायच्या आणि त्यांनी कुबड्या झिजवायच्या? तिसऱ्या दिवशी त्यांनी गठ्ठा फोडला.

लोकांनी आणलेली कापडं त्यांनी घडी करून कपाटात ठेवली. ती त्यांना फेकवेनात. फक्त इस्त्रीवालीच्या पायापाशी त्यांचा हात अडला. मोज्यावर त्यांनी आधी तिची चादर ताणली, ठसा बरोबर मध्ये घेतला, आणि त्यावर जांभळं चढवलं. मग रेझिन ओतलं. कुणाचंच मन मोडलं नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तिचं कापड तिच्या अंगाशी आणि मंडळाचं बाहेर. ही युक्ती त्यांना इतकी आवडली, की समारंभाच्या आधी त्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलंसुद्धा.

तिनं पायावरून हात फिरवला. जांभळं, गुळगुळीत. “आत आहे?” तिनं विचारलं.

“आत आहे.”

“बरं,” ती म्हणाली. आणि पायकाकांनी त्या ‘बरं’चा अर्थ त्यांना हवा तसा लावून घेतला.

समारंभ शाळेच्या मैदानावर होता. मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. मंडळानं कशातही कसूर केली नव्हती. म्हाताऱ्यांना घरून आणायला गाड्या होत्या. एक आजोबा किती वर्षांनी स्वतःच्या पायानं मंचाच्या पायऱ्या चढले म्हणून त्यांची नातवंडं टाळ्या वाजवत होती, आणि ते बघून पायकाकांनाही भरून आलं. खोटं का सांगा? चांगलं घडत होतं आणि त्यात काहीतरी कालवलं होतं, आणि दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं.

मग मंचावर ओळीनं माणसं उभी केली. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्यांशी नेला आणि खाली घेतला. “पाय दिसत नाहीयेत,” तो ओरडला. “पँटी वर घ्या. गुडघ्यापर्यंत.”

पुरुष वाकले, धडपडले, पँटी दुमडू लागले. इस्त्रीवाली घोट्यापर्यंतच्या झग्यात उभी होती. ती तशीच उभी राहिली. तेव्हा मंडळातली एक बाई हसत पुढं आली, “लाजू नका हो ताई,” म्हणाली, आणि तिचा झगा तिनं स्वतःच्या हातानं गुडघ्यापर्यंत उचलून धरला. जांभळं कापड उन्हात चकाकलं. नकाशा, शिखर, नकाशा, शिखर. भाषण करणारा गृहस्थ माइकपाशी आला आणि म्हणाला, बघा, जे आपल्याला परकं मानतात तेही आज आपल्यामुळे या भूमीवर उभे आहेत. टाळ्या झाल्या. मग माइक ओळीनं फिरला आणि इस्त्रीवालीसमोर आला. “धर्म तोच देश,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की तिला परत म्हणायला लावलं.

पायकाका मागच्या खुर्चीत होते. त्या दिवशी त्यांना पेंग आली नाही. उठून जावं असं वाटलं, पण पाय हलेनात, आणि त्यांचे तर दोन्ही धड होते.

पुढं त्या फोटोचा मोठा फलक झाला आणि तो नेमका तिच्या कोपऱ्यावर लागला. चेहरा अर्धा कापलेला आणि पाय पुरता. पायकाका कपड्यांचं गाठोडं घेऊन गेले तेव्हा टेबलाशी नणंद होती. पुढच्या खेपेलाही नणंदच. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, “ती कुठं आहे? पाय दुखतो का?”

नणंदेनं फलकाकडे बघितलं आणि इस्त्री आपटली. “तिलाच विचारा.”

इस्त्रीवालीचं घर टेबलामागच्या गल्लीत, एका खोलीचं. ती खाटेवर बसून बटणं लावत होती. कुबड्या हाताशी. पाय दाराआड उभा होता. वर एक जुना टॉवेल टाकलेला. तो बघितला आणि पायकाकांना त्यांच्या वस्तादांची आठवण झाली.

“दाखव, कुठं लागतो ते. घासतो का? मी पान्हे आणलेत,” ते म्हणाले.

“कुठंच लागत नाही, काका. पाय उत्तम झालाय.”

“मग?”

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. “टेबलाशी उभी राहिले पहिल्या दिवशी. मंडळाची मुलं फलकाखाली बसतात ना, ती म्हणाली, ताई, आमच्या पायावर चाललीस, मग म्हण की. मी म्हटलं नाही. तर एकजण टेबलाला पाय लावून उभा राहिला. म्हण, मग सरकतो. म्हटलं मी. दुसऱ्या दिवशी परत. येताना म्हण, जाताना म्हण. गिऱ्हाइकांसमोर म्हण. चेष्टा करतात हो, मारत नाहीत कुणी.” तिनं कुबड्या जरा जवळ ओढल्या. “आणि आमच्यातले लोक म्हणतात, पायासाठी धर्म विकलास. त्यांनी कपडे टाकायचे बंद केले. इकडं आड आणि तिकडं विहीर. कुबड्यांवर असले की कुणी काही म्हणत नाही. म्हणून कुबड्या.”

पायकाकांनी पान्हे खिशात परत ठेवले.

“जन्मभर लोकांचे कपडे हाताळले, काका,” ती म्हणाली. “किती भारी भारी कपडे या हाताखालून गेले. पण कधी अंगावर नाही चढवले. हा पाय मला तसा वाटतो. घडी करून परत द्यावा असा.”

“आत तुझी चादर आहे गं,” ते कसंबसं म्हणाले.

“आहे ना. आमचे हे आत कोंडलेत.” मग तिनं जरा आशेनं विचारलं, “वरचा थर सोलून निघेल?”

“नाही. एकदा बसलं की बसलं. फोडावंच लागेल.”

ती सुई काढून परत बटण लावू लागली. त्यांना चहा विचारला, त्यांनी नको म्हटलं. निघताना त्यांनी दाराआडचा पाय टॉवेलासकट उचलला आणि काखेत मारला.

“काका, कुठं नेताय?”

“उद्या सकाळी कारखान्यात ये. नवं माप घेऊ.”

“सामान कुणाचं?”

“ये तर,” ते म्हणाले.

पाय कापताना करवत दोनदा अडकली. आपण केलेलं काम इतकं पक्कं असल्याचा त्यांना पहिल्यांदाच राग आला. चादर वाचली नाही, तिच्या चिंध्याच निघाल्या. ठसा तेवढा जांभळ्याला चिकटून आला, अर्धा. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली आली ती कुबड्यांवर, आणि येताना टेबलावरची दुसरी चादर घेऊन आली, सध्याची. तिच्यावर डाग नव्हते, नुसताच पिवळा रंग. “डाग मी पाडेन,” ती म्हणाली. “घरच्या घरी.” पायकाका हसले नाहीत. त्यांनी माप घेतलं, साचा केला, आणि चादर ताणून बसवली. वर काहीच चढवलं नाही.

रेझिन ओतत असतानाच जावई दारात आला. त्याला कुणी सांगितलं होतं की नुसताच आला होता, कोण जाणे. त्यानं साच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात पडलेल्या जांभळ्या तुकड्यांकडे.

“बाबा, हे काय करताय?”

“पाय करतोय.”

“हे सामान मंडळाचं आहे.”

“हो. मंडळ तिला पाय देणार होतं ना? तो अजून पोचला नव्हता. आता पोचेल.”

“तुम्ही आमचं चिन्ह कापलंत,” जावई म्हणाला. आवाज चढला नव्हता. दुखावलेला होता, आणि ते जास्त जड गेलं. “मी तुमच्यासाठी किती लोकांशी भांडलो, बाबा. म्हटलं, माझे सासरे आहेत, कारखाना तिथंच चालू द्या. आता मी काय तोंड दाखवू?”

पायकाका साच्यावर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवरून हात फिरवत होते. रेझिन सुकेपर्यंत हात थांबवून चालत नाही, नाही तर बुडबुडे राहतात. “जावईबापू,” ते हात न थांबवता म्हणाले, “तुम्ही माझ्या बायकोला पाठीवरून उतरवलंत. तेव्हा तिच्याकडून काही वदवून घेतलं नव्हतंत.”

“त्या आपल्या आहेत.”

“हां,” पायकाका म्हणाले. “तेच.”

जावयानं कोपऱ्यातले तुकडे गोळा केले, नीट झटकले, रुमालात बांधले आणि निघून गेला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. लेकीचा फोन आला. ती रडली, मग म्हणाली, “तुम्हाला आमच्यापेक्षा ती इस्त्रीवाली जवळची का?” पायकाकांनी फोन बायकोच्या हातात दिला. बायको लेकीला ‘हो, हो’ म्हणत राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. फोन ठेवून ती म्हणाली, “जेवून घ्या.” त्या घरात तेवढाच निकाल लागला.

मंडळानं आरडाओरडा केला नाही. पुढची गाडी कारखान्यापुढे आलीच नाही, एवढंच. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी स्वतःचं केंद्र उघडलं, स्वच्छ, पंखे असलेलं, दोन नव्या कारागिरांचं. इस्पितळानं पत्र्याच्या खोल्या धुलाईघराला देऊन टाकल्या. पायकाकांनी कपाटातली कापडं तेवढी घरी आणली. ज्याच्या त्याच्या हाती परत देऊ म्हणाले, आणि थोडी दिलीही. लोकांनी घेतली. कुणाला ती कशासाठी आणली होती हेही आठवत नव्हतं. ते जांभळ्या पायांवर मजेत चालत होते, नोकऱ्या करत होते, पोरींची लग्नं लावत होते. पायकाकांना त्याचा आनंद व्हायचा आणि थकवा यायचा, दोन्ही एकदमच.

आता ते कोपऱ्यावर जाऊन बसतात. इस्त्रीवालीनं टेबलाजवळ त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलंय. ती दिवसभर उभी असते. पाय झग्याखाली, कुणाला दिसत नाही, कुणी विचारत नाही. फलक अजून आहे, पण उन्हानं जांभळा रंग उडून पांढुरका झालाय. मुलं अजून बसतात. कधी म्हणतात, “म्हण की ताई.” ती म्हणते, “तो पाय परत केला, बाबांनो,” आणि कपड्यावर पाणी शिंपडते. सगळीच गिऱ्हाइकं परत आली नाहीत. जगण्यापुरती आली.

एकदा तिनं विचारलं होतं, “काका, कारखाना माझ्यामुळे गेला ना?”

“नाही गं. वय झालं माझं,” ते म्हणाले होते. तिनं ते मानलं नाही आणि तिनं मानावं म्हणून त्यांनी फार ताणलंही नाही.

परवा दुपारी एक माणूस कुबड्या टेकत कोपऱ्यावर आला. लांबून आला असावा, घामानं शर्ट चिकटलेला. “पायकाका कोण?” त्यानं विचारलं. “इस्पितळात कळलं, इथं भेटतील.”

“मीच. पण कारखाना बंद झाला, बाबा.”

त्या माणसाचं तोंड पडलं. त्यानं खांद्यावरची पिशवी पुढं ओढली. “मी कापड आणलंय,” तो म्हणाला. “मला सांगितलं होतं, कापड आणावं लागतं.” पिशवीतून त्यानं लहान मुलाचं दुपटं काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, कडेला कशिदा, चुरगळलेलं. कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही.

पायकाकांनी ते हातात घेतलं नाही. घेतलं असतं तर परत देता आलं नसतं. “शहराच्या त्या टोकाला मंडळाचं केंद्र आहे,” ते म्हणाले. “तिथं जा. फुकट पाय मिळेल.”

“चांगला असतो?”

पायकाकांनी दुपट्याच्या कशिद्याकडे बघितलं. “चांगला असतो,” ते म्हणाले. खरंच होतं ते.

“आणि हे कापड?”

“कापड त्यांचं असतं.”

माणूस दुपटं हातात धरून उभा राहिला. पिशवीत परत ठेवावं की काय करावं, त्याला सुचेना. तेव्हा इस्त्रीवालीनं टेबलावरचा शर्ट बाजूला सारला आणि हात पुढं केला. त्यानं दुपटं दिलं. तिनं ते टेबलावर पसरलं, पाणी शिंपडलं, कशिद्याच्या कडेनं सावकाश इस्त्री फिरवली, उलटं करून परत फिरवली, आणि चौकोनी घडी घालून त्याच्या हातावर ठेवली.

“किती झाले?” त्यानं विचारलं.

“काही नाही. जपून ठेवा,” ती म्हणाली.

त्यानं घडी पिशवीत सरळ ठेवली आणि केंद्राला कुठली बस जाते ते विचारलं. पायकाकांनी हात करून थांबा दाखवला, आणि तो बसमध्ये चढेपर्यंत बघत राहिले.